बियरची बादली आणि धुण्याचा सोडा

माल्टचं गोड पाणी हॉप्स घालून तासभर खळखळून उकळलं की त्यात जिवंत असं जवळपास काही उरत नाही. मग ते निवू लागतं. कोमट झालं की त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत, ऊब आहे आणि खाणारं कुणीच नाही, अशी घडी येते. या घडीला जो आधी पोचेल त्याचं राज्य. घरी बियर करणारा यीस्टला आधी पोचवायला धडपडतो. दर मिलिलिटरला पन्नास लाख ते एक कोटी पेशी पडतील इतकं यीस्ट तो त्यात सोडतो. तरीही बादलीच्या तोटीत दडलेल्या मूठभर जीवाणूंची त्याला धास्ती असते, कारण चांगलं अन्न मिळालं तर त्यांतले काही अर्ध्या तासात दुप्पट होतात.

ब्रिटनमध्ये हा छंद पुष्कळ घरांत आहे. 1880 पासून तिथे घरी बियर करायला परवाना लागायचा. 1963 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये तशा कायद्यावर सही केली आणि 1979 च्या फेब्रुवारीपासून तिथेही वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायदा लागू आहे, विनापरवाना दारू घरी करणं हा गुन्हा आहे. म्हणून पुढचं सगळं तिकडच्या स्वयंपाकघरांतलं आहे. पण त्यातलं रसायनशास्त्र कुठल्याही मोरीत तितकंच खरं आहे, आणि मला भुरळ पडते ती त्याचीच.

1871 मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड या प्रचंड मद्यशाळेत गेले आणि त्यांनी तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. गोलसर यीस्टपेशींच्या मधून काड्यांसारखे, तंतूंसारखे परके जीव दिसत होते. बियर का बिघडते ते काचेखाली उघड झालं होतं. थोड्याच दिवसांत पाश्चर पुन्हा तिथे गेले, तोवर मालकांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. पुढे 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. नासाडी जीवाणूच करतात असं नाही, रानटी यीस्टही करतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. आज तेवीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत बियर करणारा याच दोन माणसांच्या पुण्याईवर जगतो.

आता बादलीकडे येऊ. बियर काढून घेतल्यावर आत, वरच्या बाजूला, एक तपकिरी कडं उरतं. आंबताना उसळलेला फेस तिथवर चढलेला असतो. त्यात हॉप्सचा राळेसारखा अंश, प्रथिनं आणि मेलेलं यीस्ट वाळून घट्ट बसलेलं असतं. घासणीनं ते निघतं, पण प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुढच्या खेपेचे जंतू मजेत राहतात. म्हणून घासायचं नाही, भिजवायचं.

भिजवायला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढणाऱ्या ‘ऑक्सी’ पावडरींचा मुख्य घटक हाच. फक्त बिनवासाची, बिनरंगाची पावडर शोधायची. हे पांढरे दाणे म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी मिळून केलेला स्फटिक. वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पेरॉक्साइडचा! एरवी बाटलीत पातळ स्वरूपात मिळणारी ही वस्तू इथे कोरडी, चिमटीत धरता येईल अशी असते. पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात दाणे पडले की ते सुटे होतात. सोडा पाण्याला अल्कधर्मी करतो, प्रथिनं आणि चिकटा सैल पडतो. पेरॉक्साइड डागाचे रंगीत रेणू तोडतं आणि त्यातून सुटणारे ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे थराच्या पोटात शिरतात. अर्ध्या-पाऊण तासानं पाहिलं तर ते तपकिरी कडं खालच्या काठाकडून उचललं गेलेलं असतं, आणि पाणी हलवलं की त्याचा सबंध पापुद्रा सुटून तरंगायला लागतो. हात न लावता! शेवटी उरतं काय? सोडा, पाणी आणि ऑक्सिजन. बियरवाल्यांसाठी खास विकल्या जाणाऱ्या महागड्या धुण्याच्या पावडरींतही मुख्य काम बहुधा परकार्बोनेटच करतं. जोडीला सोडियम मेटासिलिकेट असतं, ते मळ पाण्यातच धरून ठेवतं. जुन्या, जळक्या पातेल्यासाठी मी त्याचे पैसे देईन. रोजच्या बादलीसाठी नाही.

पाणी जड असेल तर सोड्यानं भांड्यावर पांढुरकं पुट चढतं. ते चुन्याचं असतं, सोड्यानं जात नाही. त्याला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर लागतं. तव्याला राख आणि तांब्याच्या हंड्याला चिंच, ही आपल्या घरांतली वाटणी नेमकी हीच आहे: राखेतला अल्क तेलकटावर, चिंचेतलं आम्ल धातूच्या पुटावर. नॉर्वेच्या खेड्यांतही बियर करणारे पिढ्यान् पिढ्या जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळतात आणि त्या गरम काढ्यानं लाकडी पिंप धुतात. त्यांचं यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून महिनोन् महिने टिकायचं. सूक्ष्मदर्शकाशिवाय, दुकानाशिवाय.

इथवर झालं ते फक्त धुणं. जंतू मारणं हे वेगळं काम आहे आणि ते याच्यानंतरचं आहे. हा क्रम उलटा केला तर पैसे पाण्यात जातात. मळाचा थर असला की जंतुनाशक त्या मळाशीच झुंजत संपतं आणि थराखालचे जीवाणू सुरक्षित राहतात. अमेरिकेत अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागांसाठीच्या जंतुनाशकानं तीस सेकंदांत 99.999 टक्के चाचणी-जीवाणू मारावेत अशी अपेक्षा आहे, पण ती स्वच्छ पृष्ठभागावर.

सगळ्यात स्वस्त जंतुनाशक अर्थातच ब्लीच. सोडियम हायपोक्लोराइट पाण्यात पातळ झालं की त्याचा काही भाग हायपोक्लोरस आम्ल होतो. खरा मारेकरी तोच. त्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो जीवाणूच्या कवचातून सहज आत शिरतो. लिटरभर गार पाण्यात चार मिलिलिटर साधं, बिनवासाचं ब्लीच आणि वीस मिनिटं भिजवणं, हे जॉन पामर यांच्या ‘हाऊ टू ब्रू’ या पुस्तकातलं प्रमाण. पामर धातुशास्त्रज्ञ आहेत. ब्लीच स्टीलच्या भांड्यात फार वेळ ठेवलं तर त्याला बारीक खड्डे पडतात, ही ताकीद मी म्हणूनच गंभीरपणे घेतो. दुसरी अडचण चवीची. क्लोरीनचा अंश माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलांशी जुळला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि अब्जात काही भाग इतक्या प्रमाणातही बियरला दवाखान्याचा वास येतो. आपल्या नाकाची ही तीक्ष्णता मला थक्क करते. यावर उपाय म्हणजे उकळून गार केलेल्या पाण्यानं नीट खळबळून घेणं. नळाचं पाणी थेट वापरलं तर मारलेले जंतू पुन्हा बोलावल्यासारखं होतं. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल मिसळायचं नाही, अमोनियाही नाही. पहिल्यातून क्लोरीन वायू सुटतो, दुसऱ्यातून क्लोरामाइनं. दोन्ही फुप्फुसं जाळतात.

डेअरीवाल्यांकडून आलेलं आयोडोफोर मला ब्लीचपेक्षा सरस वाटतं. 1811 मध्ये बेर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. तेच इथे एका वाहक रेणूला बांधलेलं असतं आणि हळूहळू सुटतं. एकोणीस लिटर पाण्याला पंधरा मिलिलिटर पुरतं. फिकट सोनेरी रंग आहे तोवर त्यात दम आहे. रंग उडाला की काम संपलं. आपण शिल्लक आहोत की नाही हे डोळ्यांना सांगणारं औषध! या प्रमाणात खळबळावंही लागत नाही, भांडं निथळू द्यायचं. प्लॅस्टिकच्या नळ्या मात्र पिवळ्या पडतात.

आणि मग ‘स्टार सॅन’सारखी आम्लं. फॉस्फोरिक आम्ल, जोडीला डोडेसिलबेंझिन सल्फोनिक आम्ल. हे लांबलचक नाव म्हणजे कपड्यांच्या साबण-पावडरीतल्या फेसकाचंच मूळ आम्लरूप. पावडरीत ते मळ धुतं. पाण्याचा पीएच तीनच्या आसपास उतरला की तेच जीवाणूंचं आवरण फोडू लागतं. याचा ढीगभर फेस होतो आणि नवखे घाबरून तो धुऊन काढतात. काढायचा नाही. बियरमध्ये गेला की पीएच चढतो, मारकपणा संपतो आणि फॉस्फेट यीस्टच्या कामी येतं. मारणारी वस्तू खाऊ होऊन बसते, यापुढे मी काय म्हणू! बाटलीची किंमत ऐकून माणूस मागे फिरतो, पण एकोणीस लिटरला तीसच मिलिलिटर लागतं. सबंध बादली भरायचीही गरज नाही. अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात मिलिलिटरच्या आतबाहेर घालून फवाऱ्याच्या बाटलीत भरलं तर आठवडे टिकतं आणि एका खेपेला पुरून उरतं. जड पाण्यात मात्र हे गढूळ होतं, मग त्याचा भरवसा धरू नये. हिशोब केला तर दर खेपेला ब्लीचइतकंच स्वस्त पडतं, शिवाय खळबळायचं उकळलेलं पाणी वाचतं.

काचेच्या बाटल्यांना तर काहीच विकत घ्यायला नको. तोंडाला फॉइल लावून ओव्हनमध्ये 170 अंशांवर तासभर ठेवायच्या आणि दार न उघडता आतच निवू द्यायच्या. तापवताना-निववताना घाई केली की काच तडकते.

वाचवलेल्या पैशांतून दोन-तीन खेपांनी नळ्या बदलाव्यात, चरे पडलेली बादली भाजी धुवायला द्यावी. आणि बादलीच्या तळाशी असते ती तोटी दर खेपेला फिरवून सुटी करावी. बाहेरून लख्ख दिसणाऱ्या तोटीच्या आट्यांमध्ये मागच्या बियरचा बुळबुळीत तपकिरी गोळा बसलेला सापडतो, आणि फवारा तिथपर्यंत कधीच पोचलेला नसतो. तोटीचे सगळे तुकडे परकार्बोनेटच्या पाण्यात टाकावेत, रबरी चकती वेगळी काढून पाहावी, आणि मगच आयोडीन किंवा आम्लाच्या पाण्यात बुडवून ओल्या ओल्याच जोडावेत.