हुतात्मा ठरलेला कुत्रा : मानव-प्राणी संबंधांचा अभ्यास

प्राण्यांविषयी शिकायचे म्हणजे पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु इतिहास, साहित्य, मानववंशशास्त्र व ईशज्ञान या विद्याशाखांतूनही माणूस आणि प्राणी यांच्यातील नात्याचा अभ्यास केला जातो. ‘अँथ्रोझूस’ हे या विषयाचे संशोधन नियतकालिक १९८७ साली सुरू झाले.

हा अभ्यास नेमका कसा चालतो, हे एका उदाहरणावरून पाहू या. तेराव्या शतकात डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू एतिएन द बूर्बाँ हे फ्रान्समधील लिआँजवळच्या दोंब परिसरात प्रवचने देत होते. पापनिवेदनाच्या वेळी अनेक स्त्रियांनी त्यांना सांगितले की, आम्ही आजारी बाळे संत गिनफोरकडे नेतो. चौकशीअंती हा ‘संत’ शिकारी कुत्रा निघाला! धन्याच्या बाळावर चालून आलेल्या सर्पाला त्याने मारले. पण त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून धन्याने त्यालाच ठार केले. (पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट वाचकांना आठवलीच असेल.)

फादरांनी कुत्र्याचे अवशेष उकरून जाळविले, भोवतालची राई तोडविली. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. रोगट बाळ हे वनदेवतांनी बदलून ठेवलेले मूल, असे मानून स्त्रिया त्याला दोन खोडांमधून नऊ वेळा पलीकडे देत, जळत्या मेणबत्त्यांजवळ एकटे ठेवीत, आणि जगलेच तर नदीच्या पाण्यात नऊ वेळा बुडवीत. काही बाळे त्यात दगावत.

येथवर ही अंधश्रद्धेची हकिगत झाली. फ्रेंच इतिहासकार जाँ-क्लोद श्मित यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात निराळा प्रश्न केला : आयांनी कुत्र्यावरच भरवसा का ठेवला? त्यासाठी त्यांनी फादरांचा लेखी वृत्तान्त, लोककथा आणि त्या स्थळाविषयीच्या नंतरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. मूळ वृत्तान्तातच एक धागा आहे. लोक त्या कुत्र्याला हुतात्मा मानीत. बाळाला वाचविताना निरपराध मारला गेलेला तो जीव आपल्याही बाळाला वाचवील, असे त्या आयांना वाटले असावे. प्रयोगशाळेत याचे उत्तर मिळाले नसते.

ख्रिस्तसभेची आजची शिकवण संयत आहे. धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदानुसार प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. तसेच माणसांचे दैन्य निवारण्यासाठी प्राधान्याने खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर खर्च करणेही उचित नव्हे. गिनफोरची राई तोडली गेली खरी, पण एकोणिसाव्या शतकातही आया आपली आजारी बाळे घेऊन त्या रानात येतच होत्या.