यकृताच्या दारातले अवधाण

पायात काटा मोडून तो सडला, की जांघेत अवधाण येते. दुखते वर, पण जाणती माणसे आधी तळपाय पाहतात. मंडळी, असेच अवधाण पोटातही येते. ते हाताला लागत नाही, स्कॅनमध्ये दिसते.

यकृतातले पित्त बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते. काहींच्या नळ्या वर्षानुवर्षे सुजत राहतात, त्यांना वण पडतात, त्या जागोजागी आवळतात. ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’ असे लांबलचक नाव या रोगाला आहे. शरीरातल्या लसिकेचा पाव ते निम्मा वाटा एकट्या यकृतातून येतो, आणि ती गाळणाऱ्या ग्रंथी यकृताच्या दारापाशीच असतात. मग नळ्या धुमसत असता त्या ग्रंथी फुगल्या तर नवल कसले? या रोगाच्या पुष्कळ रोग्यांत त्या मोठ्याच दिसतात, कर्करोग नसतानाही.

घोटाळा शब्दाने होतो. इंग्रजी रिपोर्ट गावात गुरुजींकडे वाचायला येतो. ‘लिंफ नोड’ म्हणजे गाठ, आणि कर्करोगाचीही गाठच! ऐकणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. गुरुजी, तेवढे ‘ग्रंथी सुजली आहे’ असे सांगा.

म्हणून दुर्लक्ष करावे असेही नव्हे. या रोगात पित्तनळीच्या कर्करोगाचा धोका खरोखरच वाढतो. ग्रंथीची आखूड बाजू साधारण १० मिलिमीटरच्या वर गेली, की तिला मोठी म्हणतात. पण नुसत्या मापावरून निकाल लागत नाही. लांबट ग्रंथी गेल्या वर्षी होती तेवढीच असली, तर ती बहुधा जुनी सूज. तीच वाढत चालली, गोल झाली, यकृतापासून दूरही ग्रंथी दिसू लागल्या, जोडीला कावीळ चढली, वजन उतरले, एखादी नळी नव्याने आवळली, तर पुढचा तपास हवाच. सीए १९-९ ही रक्ततपासणी करतात, पण पित्त नुसते तुंबले तरी तो आकडा चढतो. संशय राहिला, तर दुर्बिणीतून सुई घालून ग्रंथीतला अंश काढतात. आपल्याकडे क्षयाच्या ग्रंथीही पोटात असतात, त्यांचा उलगडाही त्यातून होऊ शकतो.

वाढ झाली की नाही, हे जुन्या स्कॅनशी ताडूनच कळते. तेव्हा जुन्या फिल्म आणि रिपोर्ट ट्रंकेत जपून ठेवा, ग्रहण पाहायला पोरांच्या हाती देऊ नका (डोळ्यांनाही ते घातकच), आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे सगळे बाड घेऊन जा.