सॅक विमानात सोबत नेता येईल का?

वजन : देशांतर्गत विमानात इकॉनॉमी वर्गाला साधारण ७ किलोची एकच केबिन बॅग नेता येते. रिकामी सॅकच दोन किलोची असेल, तर सामानाला पाचच किलो उरतात. म्हणून सॅक दीड किलोच्या आतली घ्या.

माप : इंडिगोची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी, तर एअर इंडियाची ५५ × ४० × २० सेंमी. सॅक गच्च भरून, बाहेरचे कप्पे आणि पट्ट्यांसकट मोजा. फुगलेला पुढचा कप्पा हमखास नडतो.

लिटर : ३० ते ४० लिटरची सॅक बहुधा बसते. मात्र लिटरपेक्षा उंची महत्त्वाची. ट्रेकची ५०-६० लिटरची सॅक अर्धी भरली, तरी आतल्या ताठ फ्रेममुळे तिची उंची कमी होत नाही.

रचना : सूटकेससारखी पूर्ण उघडणारी चेन, दाबून बांधायच्या पट्ट्या आणि लॅपटॉपचा वेगळा कप्पा हवा. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप चटकन काढता येतो.

आत काय? पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते. (२०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते.) चाकू, स्विस नाइफ चेक-इन सामानात टाका. परदेश प्रवासात द्रवपदार्थांची प्रत्येक बाटली सहसा १०० मिलीपर्यंतचीच लागते.

नियम कंपनी आणि तिकिटानुसार बदलतात. निघण्यापूर्वी आपल्या तिकिटावरची मर्यादा जरूर तपासा.