दारू सुटल्यानंतरचे दिवस

दारूच्या व्यसनावर उपचार म्हटला की आपल्याकडे तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात : देवासमोर घेतलेली शपथ, कुणीतरी सांगितलेली पुडी आणि फारच झाले तर शहरातल्या एखाद्या केंद्रात महिनाभर ठेवणे. दारू एकदा सुटली की प्रश्न संपला, ही समजूत तिन्हींच्या मुळाशी आहे. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

शरीरापुरते पाहिले तर काम थोड्या दिवसांचे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी पिणे थांबविले की हात कापतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, काहींना त्यानंतर भ्रम होतो. हे प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून शपथ घालून घरात कोंडण्यापेक्षा डॉक्टरांची देखरेख बरी. डायसल्फिराम नावाचे औषध भाजीत कालवून चोरून देण्याचा प्रकारही घरोघरी ऐकू येतो. हे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले तर ते उपकारक. चोरून दिले तर घातक. शिवाय ही गोष्ट उघडकीस आली की बायकोने वाढलेल्या ताटावरचा विश्वास उडतो, ते नुकसान वेगळेच.

व्यसन म्हणजे केवळ शरीराचा रोग नव्हे, हे महाराष्ट्रात प्रत्यक्ष कृतीने दाखविले ते पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. तेथे औषधोपचार आहेतच. पण ३५ दिवसांच्या त्या मुक्कामात योगासने, गटचर्चा आणि कामाची शिस्त यांना तितकेच महत्त्व आहे. पूर्वी स्वतः रुग्ण असलेले अनेकजण तेथे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. नवऱ्याच्या दारूने आजारी पडलेल्या बाईलाही उपचार हवा असतो, ही जाणीव त्यामागे आहे.

परंतु पुणे दूर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. मिळालीच, तरी तो परततो कोठे? त्याच गावात, त्याच उधारीत, कापूस विकून पैसा हाती येताच पूर्वीच्याच मित्रांत. आणि घरच्यांचा संशय तर दारातच उभा असतो. उशिरा आला की तोंडाचा वास घेतला जातो. ज्याने पाच वर्षे खोटे सांगितले, त्याच्यावर पाच आठवड्यांत विश्वास बसावा, ही अपेक्षा तरी कशी करावी?

दारूबंदीचा वाद येथे मुद्दामच बाजूला ठेवला आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ती आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असो वा नसो, पिण्याची सवय जडलेल्या माणसाला उपचार लागतोच.

त्याची सर्वांत कठीण वेळ संध्याकाळची. पूर्वी जी वेळ गुत्त्यावर जाई, ती आता रिकामी पडते. विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली आणि दिवेलागणीला माणसांना एकत्र बसविले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चाही पाया असाच साधा : पूर्वी पिणारे एकत्र बसतात, आपापली हकीकत सांगतात, फी नाही, उपदेश नाही.

अशा बैठकीला तालुक्याच्या गावी मोठा खर्च नाही. शाळेची एक खोली संध्याकाळी तासभर उघडी हवी आणि तिची किल्ली देणारा एक शिक्षक. शेजारच्या वर्गात बायकांची स्वतंत्र बैठक भरावी. कचेरीत एखादा सहकारी उपचारासाठी रजा मागतो, तेव्हा अर्जावरील कारण चारचौघांत वाचून दाखविले जाऊ नये. आणि तिसऱ्या महिन्यात ज्याचा पाय पुन्हा घसरला, त्याच्यासाठीही त्या खोलीचे दार पुढच्या आठवड्यात उघडे राहावे. या रोगात असे घसरणे होतच असते, आणि अशा वेळी गावाने फिरविलेली पाठ त्याला थेट गुत्त्यावर नेऊन सोडते.