डिझेलची पिचकारी आणि फिटरचे बोट

जुनी टर्बो डिझेल गाडी काळा धूर ओकू लागली आणि चढाला दम टाकू लागली, की पहिला ठपका टर्बोवर येतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. पुष्कळदा तो ठणठणीत असतो. त्याच्या पुढचा रबरी पाइप फाटलेला असतो, हवा बाहेर निसटते आणि डिझेल अर्धवट जळते. पाइप शाबूत असला तर संशय नोझलवर जातो. लक्षण एक आणि कारणे चार, हे आम्हा डॉक्टरांसारखेच फिटरचेही दुखणे! पण नोझल तपासताना होणारी एक इजा अशी आहे, की तिच्याविषयी आरोग्याच्या सदरात लिहिलेच पाहिजे.

2009 सालची गोष्ट. गॅरेजमध्ये काम करणारा विशीतला एक मुलगा दवाखान्यात आला. नोझल काढून हातपंपावर लावले होते. फवारा नीट पडतो का हे पाहताना डाव्या हाताचे बोट फवाऱ्यासमोर गेले. बोटाच्या टोकावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्त नाही, दुखणे नाममात्र. मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पट्टी बांधली आणि "काही नाही, जा कामाला" म्हणून पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा बोट सुजून ताठ आणि पांढुरके झाले होते. रात्रभर ठणका लागला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनने बोट उघडले, तर डिझेल तळहातापर्यंत पसरलेले. शेवटी बोटाचे वरचे पेर काढावे लागले. चूक माझी होती. ठिपका पाहिला, आत काय गेले ते विचारात घेतले नाही.

कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार दाबाची हवा असते. जुन्या पद्धतीच्या नोझलमधून डिझेल शंभर ते दोनशे बारच्या घरात सुटते, आणि कॉमन रेल इंजिनात हा दाब एक हजार बारच्या वर जातो. एवढ्या दाबाची धार कातडी सहज भेदते. रबरी हातमोज्याने ती अडत नाही. आत गेलेले डिझेल स्नायुबंधाच्या आवरणातून पुढे सरकते, मांस जाळते, आणि सुजेमुळे बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला दुखत नाही, हाच यातला धोका.

तेव्हा असा ठिपका दिसला, की घरी जाऊन हळद लावत बसू नये. बोट दाबून डिझेल काढू नये, करकचून बांधू नये, चोळू नये. हात उंच धरून, ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे. पहिले सहा तास फार मोलाचे. वाटेत काही खाऊ-पिऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि डॉक्टरांना "टोचले" एवढेच न सांगता "दाबाखालचे डिझेल आत गेले" असे स्पष्ट सांगावे. माझ्यासारखा एखादा समोर असला तर हट्ट धरून सांगावे.

पाइप कोठे गळतो हे चालू इंजिनावर बोट फिरवून पाहण्याची खोड तर सोडलीच पाहिजे. लांबून पुठ्ठा धरावा. ओला डाग पडला की जागा सापडली. सांधा खोलण्यापूर्वी इंजिन बंद करून दाब उतरू द्यावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण आणि बंद शेडमध्ये चालू ठेवलेले इंजिन हे स्वतंत्र विषय आहेत. त्यांवर पुन्हा कधी लिहीन.

त्या मुलाचे आज स्वतःचे गॅरेज आहे. माझी गाडी त्याच्याकडेच असते. नोझलच्या पंपाशेजारी खिळ्याला त्याने पुठ्ठ्याचा तुकडा टांगून ठेवला आहे, आणि नवीन पोरगा कामाला लागला की तो आधी आपले अर्धे बोट त्याला दाखवतो.