कॅप्टन विंगेटची साखळी

बोईसर-तारापूरकडे जमिनीचा कुठलाही विषय काढा, समोरचा आधी सर्व्हे नंबर विचारतो. अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठलेल्या अक्करपट्टी-पोफरण या गावांची कैफियतही नंबरांतच मांडावी लागली. जमीन मोजून तिला नंबर देण्याची ही पद्धत बसवली ती मुख्यतः दोघांनी : मुलकी अधिकारी गोल्डस्मिड आणि बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी पथकातला जॉर्ज विंगेट.

विंगेटचा जन्म 1812चा. इंदापूरच्या मोजणीवर तो 1835 साली रुजू झाला, तेव्हा तेविशीच्या आसपास होता. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या 55 टक्के सारा ठरवला होता. हिशेब कागदावर चोख, पण गावं ओस पडू लागली. विंगेट-गोल्डस्मिड जोडीने उत्पन्नाचा नाद सोडला आणि माती पाहिली. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी जमीन म्हणजे 16 आणे. खोली कमी तसे आणे कमी; वाळू, चुनखड, उतार निघाला की आणखी कपात. मोजायला 33 फुटी साखळी, हद्दीवर दगड, आणि ठरलेला सारा 30 वर्षं कायम. 1847च्या संयुक्त अहवालाने हे नियम साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झाले.

ठाणे जिल्ह्यात ही मोजणी फिरली 1850 आणि 1860च्या दशकांत. बोईसर-तारापूर ज्यात येतं तो आजचा पालघर तालुका तेव्हा माहीम तालुका होता. देशावर बेतलेली ही रीत कोकणात आणताना भाताच्या खाचरांसाठी प्रतवारी बदलावी लागली. खाचराला बांध असतो, तिथे साखळी धरणं सोपं. वरकसाचं, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीचं, तसं नाही. डोंगरउतारावर आज नाचणी-वरी, मग काही वर्षं पड, आणि राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, लागणारा पालापाचोळा भोवतालच्या रानातून. इथल्या वारली आदिवासीची शेती अशी खाचर, उतार आणि रान मिळून होती; दप्तराने तिचे तुकडे पाडले, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट अधिक जड. सारा हलका आणि निश्चित झाला, कब्जा विकता-गहाण टाकता येऊ लागला, म्हणून जमिनीला किंमत आली. किंमत आली तसा सावकारही आला. हे विंगेटलाच दिसलं होतं. दिवाणी कोर्टाच्या जोरावर सावकार कुणब्याला गुलाम करतो आहे, असा इशारा त्याने 1852 सालीच सरकारला दिला होता. निवृत्तीनंतर, 1859 साली, त्याने इंग्लंडकडे जाणाऱ्या हिंदुस्थानी पैशावर पुस्तिका लिहिली; ही खंडणी आहे, असं सुनावलं. पुढे रमेशचंद्र दत्तांनी त्याचा दाखला दिला. सरकारने त्याला ‘सर’ केलं, पण सावकारांविषयीचा इशारा दप्तरात पडून राहिला. 1875 साली पुणे-नगरकडे कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा चौकशी आयोगाला तो आठवला.

शेतकऱ्याला सावकारापासून सोडवायचा कायदा झाला 1879 साली. विंगेट वारला तेही त्याच वर्षी. कायदा सुरुवातीला चारच जिल्ह्यांना मिळाला : पुणे, सातारा, सोलापूर, नगर. ठाणे त्यात नव्हतं. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-तलासरीचे वारली जमीनदार-सावकारांच्या वेठीविरुद्ध उठले ते थेट 1945 साली, गोदावरी परुळेकरांच्या साथीने.