पावसाचे मुखपृष्ठ

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग निघण्याच्या सुमारास, परभणी जिल्ह्यातला शेतकरी आकाशाकडे पाहतो हे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पण अलीकडे आकाश न्याहाळून झाले की तोच शेतकरी खिशातून फोन काढतो आणि पडद्यावर ओळीने मांडलेल्या लहान लहान चित्रांवरून अंगठा फिरवीत पावसाची वार्ता शोधू लागतो. त्या चित्रांत काळेकुट्ट ढग असतात, त्यांतून कोसळणारी वीज असते, एका अंगाला कुणाची तरी अर्धाकृती असते आणि पिवळ्या नाहीतर तांबड्या ठळक अक्षरांत तीन-चार शब्द असतात. व्हिडिओच्या या मुखपृष्ठाला सर्वजण थंबनेल म्हणतात. ते कुणीतरी तासन्‌तास बसून घडवलेले असते, आणि ते घडवताना रंगरेषांइतकाच सत्यासत्याचाही निवाडा करावा लागतो, याची मला खरी जाणीव झाली ती परभणीतल्या एका छोट्या दुकानात, हे काम करणाऱ्या तरुणाच्या शेजारी बसल्यावर.

दुकान मूळचे लग्नपत्रिकांचे आणि फ्लेक्सचे. तरुणाच्या वडिलांनी ‘श्रीलिपी’ या मराठी टंकांच्या प्रणालीवर मजकूर जुळवण्यात उमेदीची वर्षे घालवली, मुलाने त्याच संगणकावर वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फलक केले आणि तिथून तो थंबनेलकडे वळला. दोन्ही कामे वरवर पाहता सारखीच, परंतु फलकावर जितके चेहरे अधिक तितका यजमान संतुष्ट, आणि चौकात उभा असलेला माणूस तो फलक सावकाश वाचू शकतो. थंबनेलला एवढी सवड कुणी देत नाही. यूट्यूबवर त्याचे रूढ माप १२८० गुणिले ७२० पिक्सेल, म्हणजे सोळास नऊ या प्रमाणाचे, आहे. संगणकावर ते ऐसपैस दिसते, पण सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत तेच चित्र दोन बोटांच्या रुंदीत आक्रसून बसते. म्हणून हा तरुण काही क्षण काम केले की चित्र अगदी बारीक करून, खुर्ची मागे सारून पाहतो, आणि जे त्या अंतरावरून कळत नाही ते निर्दयपणे काढून टाकतो. उजवीकडचा खालचा कोपरा तो सदैव मोकळा ठेवतो, कारण तिथे व्हिडिओच्या कालावधीचे आकडे काळ्या चौकटीत उमटतात आणि त्यांखाली येणारा शब्द झाकला जातो. चेहऱ्यामागची पार्श्वभूमी काढणे, कापलेल्या आकृतीभोवती पांढरी कड देणे, अक्षरांमागे सावली टाकणे, ही कामे तो बोलता बोलता उरकतो. त्याचा खरा वेळ जातो तो अक्षरांत.

देवनागरी अक्षर या चिमुकल्या जागेत कसे नांदते हा विषय मला अतिशय विलोभनीय वाटला. इंग्रजीची मोठी अक्षरे एका उंचीची असतात, ती ओळीखाली ओळ घट्ट रचता येतात. आपल्या अक्षराला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांचा विस्तार हवा असतो. वरच्या ओळीत ‘मुसळधार’ असेल आणि खालच्या ओळीत नेमक्या त्याच ठिकाणी ‘पेरणी’ची वेलांटी आली तर उकार आणि वेलांटी एकमेकांत शिरतात, मग एक तर दोन ओळींत अंतर सोडावे लागते, म्हणजे अक्षरे लहान होतात, नाहीतर शब्द बदलावा लागतो. माझ्यासमोर त्याने एकदा ‘मुसळधार’ खोडून ‘जोरदार’ केले, ते केवळ उकार टाळण्यासाठी! पावसाच्या वर्णनात एवढा फरक पडावा आणि त्याचे कारण एका उकाराची अडचण असावी, हे पाहून मी स्तिमित झालो. त्याहून सूक्ष्म प्रकरण ‘भ’चे. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’, यांच्यातला भेद बऱ्याच अंशी शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर अवलंबून आहे. अक्षर जाड केले, त्याला कड दिली आणि चित्र लहान झाले की ती फट बुजते आणि जिल्ह्याचे नावच ‘परमणी’ असे वाचले जाते. त्यासाठी तो ती फट हाताने रुंद करतो. ‘मुक्ता’सारखे मोफत मिळणारे युनिकोड टंक आता फोनवरही उपलब्ध आहेत, पूर्वी फोनवरच्या कित्येक अ‍ॅपमध्ये जोडाक्षरे फुटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. वडिलांच्या काळातल्या जुन्या टंकांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की निरर्थक रोमन अक्षरे दिसत, परंतु थंबनेल हे अखेर चित्रच असल्यामुळे त्या टंकांनाही इथे पुन्हा काम मिळाले आहे.

मराठी वाचकाला मुखपृष्ठाचे प्रेम नवे नाही. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, पुढे दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले आणि त्यांची व रघुवीर मुळगावकरांची चित्रे घरोघरी पोहोचली. त्या मुखपृष्ठांनीही वाचकाचे लक्ष वेधून घेण्याचेच कार्य केले, आणि त्यात काही गैर आहे असे मला कधीच वाटले नाही. अंतर आहे ते इतकेच की दलालांची रमणी पाहून कुणी बी पेरीत नसे.

पावसाच्या थंबनेलवर मात्र पेरणी होते. या जिल्ह्याची खरिपाची भिस्त प्रामुख्याने सोयाबीन आणि कापसावर आहे, आणि काळ्या जमिनीत पुरेशी ओल उतरण्यापूर्वी पेरले, पुढे पावसाने ओढ दिली, तर कोंब जळतो, बियाण्याचे पैसे जातात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये अशी कृषी विद्यापीठाची शिफारस असते. १९७२ साली स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे ते विद्यापीठ याच शहरात आहे. भारतीय हवामान विभागाच्या सहकार्याने तेथून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. दुसरीकडे सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे पावसाचे अंदाज शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून महाराष्ट्रभर पसरले आणि त्यांचा चेहरा इतका परिचित झाला की पावसासंबंधीच्या असंख्य थंबनेलवर तो दिसू लागला. अंदाज कुणाचा किती खरा ठरतो हा हवामानशास्त्राचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न थंबनेलपुरता आहे: जो अंदाज सांगितला गेला, तोच चित्रात उतरतो काय?

याची कसोटी त्या दुपारी समोरच आली. मानवत तालुक्यातले एक कापूस उत्पादक गृहस्थ स्वतःचे चॅनेल चालवतात. विद्यापीठाचा सल्ला वाचून, त्यावर आपल्या अनुभवाची जोड देऊन ते दर आठवड्याला बोलतात, आणि थंबनेल या दुकानातून करून घेतात. त्या आठवड्याच्या पत्रकात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता वर्तवली होती. तरुणाने सवयीने विजेसह मोठा ढग ठेवला आणि थांबला.

“काका, तुरळक कसं काढू? ढग एकच ठेवला तरी सगळ्या जिल्ह्यावर आल्यासारखा दिसतोय.”

“मग तो काढ,” गृहस्थ म्हणाले. “गावात लोक बियाणं आणून बसलेत. असला ढग बघितला की उद्या तिफण जुंपतील.”

हवामानखात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या प्रदेशातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. उरलेल्या किमान तीन चतुर्थांश ठिकाणी कोरडे राहण्याचाच संभव. बोलताना ही शक्यता दोन वाक्यांत सांगता येते, पण चित्राला ‘कदाचित’ म्हणता येत नाही. त्यात ढग असतो किंवा नसतो. माझ्या मते थंबनेलच्या कामातली सर्वांत कठीण अडचण हीच आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती सोडवण्याऐवजी वीज पाडून मोकळे होतात. या तरुणाने प्रथम जिल्ह्याचा नकाशा घेऊन नऊ तालुक्यांच्या सीमा दाखवल्या, चित्र बारीक करून पाहिले आणि त्या सीमारेषांचे जाळे पुसून टाकले; मग नुसती जिल्ह्याची बाह्यरेषा ठेवून तिच्यात विखुरलेले चार-पाच निळे ठिपके मांडले आणि बाकी भूमी करड्या रंगाची केली. गृहस्थांचे नेहमीचे छायाचित्र, ज्यात ते बोट वर करून आकाश दाखवत असत, तेही बदलले. तिथेच भिंतीसमोर उभे करून, तळहात पुढे धरून ‘थांबा’ म्हणत असल्याचे नवे छायाचित्र घेतले. वर शब्द आले: ‘पाऊस काही गावांतच’, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘पेरणी थांबवा’. दोन बोटांच्या रुंदीतही अर्थ शाबूत राहिला.

त्यानंतर वाद निघाला तो तारखेवरून. तरुणाला तारीख नको होती. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते: तारीख घातली की ती उलटताच व्हिडिओ कुणी उघडत नाही, आणि अक्षरांसाठी मुळात तुटपुंजी असलेली जागा तीही खाऊन टाकते. यूट्यूबवर व्हिडिओ किती जुना आहे हे खाली बारीक अक्षरांत दिसतेच, मग चित्रात कशाला? परंतु गृहस्थांनी आपला फोन काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणीतरी सकाळी पुढे धाडलेला एक दुवा दाखवला. तिथे थंबनेल होते, शीर्षक होते, आणि व्हिडिओ केव्हाचा याचा मागमूस नव्हता. उघडून पाहिले तेव्हा तो मागल्या पावसाळ्यातला निघाला. फोनवरून फोनवर फिरणाऱ्या चित्राबरोबर तारीख प्रवास करीत नाही. ती त्या चित्राच्या अंगावरच कोरलेली असेल तरच टिकते. कचेरीत बिनतारखेचा कागद कुणी दाखल करून घेत नाही, आणि ज्या मजकुरावर पेरणीचा निर्णय व्हायचा त्याला तारीख नसावी, ही गोष्ट मला कोणत्याही सोयीसाठी मान्य करता येत नाही. तरुणाने डावीकडे वर एक पांढरी पट्टी काढली आणि तिच्यात काळ्या आकड्यांनी अंदाजाची मुदत लिहिली.

या धंद्यातले मोजमाप तरुणाला तोंडपाठ आहे. चित्र जितक्यांसमोर आले त्यांतल्या किती जणांनी ते उघडले याची टक्केवारी यूट्यूब दाखवते, आणि निम्म्या चॅनेलांची ही टक्केवारी दोन ते दहाच्या दरम्यान असते असे यूट्यूबच सांगते; तेव्हा चांगल्यातले चांगले थंबनेलही पुष्कळांनी ओलांडून जाण्यासाठीच जन्मलेले असते. २०२४ पासून एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करण्याची सोय झाली, आणि तिचा फैसला किती जणांनी उघडले यावर नव्हे तर किती वेळ पाहिले यावर होतो, हे मला फार योग्य वाटते. दुर्दैवाने त्या तुलनेचा निकाल लागायला दोन आठवडेही लागू शकतात आणि पाच दिवसांच्या पावसाच्या अंदाजाला तेवढे आयुष्य नसते. म्हणून ती सोय कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसारख्या, हंगामभर उपयोगी पडणाऱ्या विषयांपुरती राहते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात यूट्यूबने भारतात एक ताकीदही जाहीर केली: ताज्या घडामोडींसंबंधी शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये जे आश्वासन आहे ते व्हिडिओत नसेल, तर तो काढून टाकण्यात येईल. परंतु विजेचा ढग आणि ‘तुरळक’ यांच्यातला फरक कोणत्या नियमात पकडायचा? तो पकडता येतो फक्त संगणकासमोर बसलेल्या माणसाला, आणि त्याला तेवढी फुरसत व तेवढी माहिती मिळाली तरच. विद्यापीठात पत्रक तयार करणारे तज्ज्ञ आणि हे तरुण एकाच शहरात राहतात. हंगामाच्या तोंडाशी एक दिवस ते समोरासमोर बसले, तर हलक्या, मध्यम आणि जोरदार पावसासाठी, तसेच तुरळक आणि सर्वदूर यांसाठी निश्चित चित्रखुणा ठरू शकतील, ज्या जिल्ह्यातला प्रत्येक वाचणारा आणि न वाचणाराही ओळखेल.

गृहस्थ जाण्यापूर्वी आणखी एक काम सोपवून गेले. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचे थंबनेल नंतरही बदलता येते. तेव्हा पावसावरच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंच्या चित्रांवर ‘मुदत संपली’ अशी आडवी पट्टी चढवायची. त्यामुळे पाहणारे घटतील हे तरुणाने स्पष्टपणे सांगितले, आणि गृहस्थांनी ते ऐकून घेऊनही आपला हुकूम मागे घेतला नाही. तरुणाने एकेक जुने चित्र उघडायला सुरुवात केली, तोच दुसऱ्या एका चॅनेलवाल्याचा फोन आला. त्याला कापसाच्या भावाचे थंबनेल तातडीने हवे होते, नुसता आकडा आणि वर चढणारा बाण. तरुणाने कागद ओढला आणि विचारले, “भाव मानवतचा का सेलूचा? आणि कोणत्या तारखेचा?”